काकांची बंदूक, माझा जबाब

‘आमच्या काकांकडे बंदूक आहे.’

पुण्यात एखाद्या पार्टीत गप्पा जाम थंड पडल्या की मी हे वाक्य टाकते. गॅरंटीड हिट! हातातला ग्लास हातात राहतो, सगळे माझ्याकडे वळतात आणि प्रश्नांचा पाऊस सुरू होतो. ‘खरी? लोडेड? कुणाला मारलंय का कधी?’ कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा, पैलवान आणि राडा एवढंच माहीत असलेल्या आयटीवाल्या मित्रमंडळींना तर ‘बघ, म्हटलं नव्हतं!’ असा आनंद होतो.

खरं सांगू? ती बंदूक म्हणजे जगातली सगळ्यात बोअर वस्तू आहे. नावातच आहे, बारा बोअर!

काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. हवालदार म्हणून रिटायर झाले, पण गावात सगळे त्यांना ‘मेजर’च म्हणतात. आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. पेन्शन सुरू झाली तरी माणसाला घरात बसवत नाही, म्हणून त्यांनी एका बँकेत गार्डची नोकरी धरली. त्यासाठी स्वतःची परवान्याची दुनळी घेतली. तेव्हापासून त्या बंदुकीचं जे काही करावं लागतं ते ऐकलंत तर तुम्हाला तुमच्या होम लोनची फाईल गोड वाटेल. परवान्याचं नूतनीकरण, काडतुसांचा हिशेब, दर रविवारी तेलपाणी आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. काकू तर म्हणते, ‘सवत परवडली असती, तिला कागद लागत नाहीत!’

एवढ्या वर्षांत ती बंदूक कुणावर रोखलेली मी पाहिली नव्हती. रोखली जावी असं मला एकदाच वाटलं. मागच्या हंगामात, घरासमोरच्या रस्त्यावर. मी नुसतं मनात म्हटलं नाही, मोठ्यानं ओरडले. त्याचीच ही गोष्ट.

उसाचा रस्ता

वारणानगर तुम्हाला माहीत नसेल, तर थोडंसं सांगते. पन्हाळा तालुक्यात, कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटरवर. पुण्याहून येताना हायवे सोडून वाठार फाट्याला वळायचं. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात इथल्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याच्याभोवती गाव वाढलं. दूध संघ आला, बाजार आला, कॉलेजं आली. शाळकरी पोरांचा बालवाद्यवृंद तर देशभर गाजला. १९९८ मध्ये इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला, म्हणजे पुण्यातल्या अर्ध्या सोसायट्यांत इंटरनेट नव्हतं तेव्हा आमच्या आसपासच्या खेड्यांत कॉम्प्युटर पोचले होते. सांगायचा मुद्दा, आमचं गाव शिस्तीचं. राड्याचं नाही.

पण गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्याचा रंग बदलतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर चढवलेला ऊस, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब. ड्रायव्हरच्या डोक्यावर भोंगा आणि भोंग्यात गाणं. हे ट्रॅक्टर आम्हाला सवयीचे. त्यांचा वेगही बेताचा. भीती वाटते ती त्यांच्या मागे अडकलेल्या गाड्यांची. ‘आपल्याला कुणीतरी अडवलंय’ ही कल्पनाच सहन न होणारी जमात आता गावातही तयार झाली आहे. पुण्यात काय, ती आहेच.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. वीकेंडला म्हणून मी घरी आले होते. संध्याकाळचे सहा-सव्वासहा झाले असतील. मी फाटकात चहाचा कप घेऊन उभी. दुसऱ्या हातात मोबाइल, कारण समोरून मोठ्यानं गाणं वाजवत एक ट्रॅक्टर येत होता आणि पुण्यातल्या मैत्रिणींसाठी मला त्याचं रील करायचं होतं. पलीकडून काका ड्युटी संपवून चालत येत होते. खांद्याला बंदूक, नेहमीसारखी खोळीत.

ट्रॅक्टरमागून एक पांढरी एसयूव्ही आली. हॉर्नवर हॉर्न. उजवीकडून जागा मिळेना, तसा पठ्ठ्यानं गाडी डावीकडे मातीत घातली. त्या मातीतूनच आमच्या गल्लीतलं एक पोरगं सायकलवरून चाललं होतं. नववीतलं. हँडलला दुधाची किटली, संध्याकाळचं दूध डेअरीला घालायला निघालेलं.

आवाज फार मोठा झाला नाही. मला वाटलं होतं अपघाताचा आवाज मोठा असतो. किटली मात्र खूप वेळ वाजत राहिली.

आता पुढचे काही सेकंद नीट ऐका, कारण माझ्या डोक्यात ते अजून फिरतात. एसयूव्ही पन्नासेक मीटरवर थांबली. ब्रेकचे लाल दिवे लागले. काचा काळ्या होत्या, आतला माणूस मागे बघत होता की नाही कळत नव्हतं. ट्रॅक्टर थांबला. गाणं चालूच. पानटपरीवरची पोरं धावली. आणि कुणीतरी ओरडलं, ‘मेजर, बघताय काय? घाला की गोळी! टायर फोडा!’

मग अजून दोघं ओरडले. त्यात तिसरी मी. मास कम्युनिकेशनची डिग्री, मानवी हक्कांवर फीचर लिहिणारी, बंदुकीच्या विरोधात तावातावानं बोलणारी मी. ‘काका, मारा ना!’

काकांनी गाडीकडे एकदा बघितलं. पोराकडे एकदा बघितलं. खिशातलं बॉलपेन काढून तळहातावर काहीतरी खरडलं. आणि तडक घरात निघून गेले.

लाल दिवे विझले. गाडी सुसाट गेली.

‘घाबरला की म्हातारा,’ पानटपरीवरचा एक जण म्हणाला. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! गाडीवाल्याची नाही, काकांची.

अर्ध्या मिनिटात काका परत बाहेर आले. बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली जानव्यासारखी गळ्यात. हातात दोन चादरी आणि एक फळी. ‘पाय हलवू नगा त्याचा,’ पोराला उचलायला निघालेल्या चौघांना त्यांनी एका आवाजात थांबवलं. मांडीचं हाड मोडलं होतं. फळी लावून चादरीच्या पट्ट्यांनी त्यांनी पाय बांधला, पोराशी शाळेचं बोलत राहिले, एकाला १०८ लावायला सांगितलं, दुसऱ्याला त्याच्या आईला आणायला पाठवलं. ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, ‘दादा, आधी ते गाणं बंद कर.’

अॅम्ब्युलन्स आली, पोराला कोल्हापूरला हलवलं. रस्त्यावर दुधाचा ओघळ आणि दोन कुत्री.

तेव्हा काकांनी मला विचारलं, ‘तुझ्या मोबाइलमधी आलाय काय नंबर?’

मी व्हिडिओ बघितला. ट्रॅक्टर, ऊस, आकाश, माझा स्वतःचा किंचाळलेला आवाज आणि एक पांढरा पट्टा. नंबर नाही. पण गाडी थांबली होती तेव्हा मी डोळ्यांनी वाचला होता. शेवटचे चार आकडे मला पाठ होते. मी सांगितले. काकांनी तळहात उघडला. तेच चार.

‘म्हणजे दोन साक्षीदार झाले,’ काका म्हणाले.

मी म्हणाले, ‘काका, मला सोमवारी डेडलाईन आहे.’

रात्रीचे पाहुणे

रात्री साडेनऊला चार माणसं आली. अगदी अदबीनं. चपला बाहेर काढून. गाडी कुणाची ते एव्हाना गावाला कळलं होतं. ‘पोरगं आमचं नवीन शिकलंय हो मेजर. घाबरून पळालं. दवाखान्याचा सगळा खर्च आम्ही करतोय. वर काय असेल ते पोराच्या बापाशी बोलून घेऊ. उगंच केस-बिस कशाला? आपल्याच गावचं आहे.’

काकूनं चहा दिला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘खर्च करा, ते चांगलंच हाय. जबाब मी सकाळी देणार हाय. चहा घ्या, गार हुतोय.’

त्यातला एक जण जाताना माझ्याकडे बघून हसला. ‘ताई पुण्याला असतात ना? पत्रकार? तुम्हाला काय, उद्या जाणार तुम्ही.’ धमकी नव्हती. मलाही तेच म्हणायचं होतं, ही अडचण होती.

ते गेल्यावर मी काकांवर उखडले. आधी ते चुकतायत म्हणून, मग ते बरोबर आहेत म्हणून. शेवटी मुद्द्यावर आले. ‘तेव्हा का नाही थांबवलंत त्याला? गाडी उभी होती. तुम्ही फौजेतले!’

काका म्हणाले, ‘निशाण्याच्या मागं काय हाय ते आधी बघायचं, हे फायरिंगच्या पहिल्या दिवशी शिकवत्यात. गाडीच्या म्होरं ऊसतोडीच्या बाया चालल्या हुत्या, कोपीकडं. दोघींच्या कडंवर ल्येकरं. बघितल्यास तू?’

मी बघितल्या नव्हत्या.

‘मोबाइलमधनं बघत हुतीस,’ ते म्हणाले. टोमणा नव्हता. नुसतं सांगितलं. ‘आणि समज, फुटला टायर. गाडी कुठं गेली असती? तू सांगशील? बारा बोअरचं छर्रं पसरत्यात बाळ, ते काय एकट्या टायरला विचारून जात न्हाईत. आणि गाडीत कोण हाय ते तरी दिसत हुतं काय? काळ्या काचा.’

‘मग घरात का गेलात आधी? पोरगं तिथं तळमळत होतं.’

‘खांद्याला बंदूक घेऊन गर्दीत वाकायचं नसतं. कुणाचा हात पडला तर? सगळी तापलेली. आधी ती कुलपात, मग पोरगं. दुसरं असं की हातात ती असली की माणसाला निशाणाच दिसतो. पोरगं दिसत न्हाई.’

एवढं बोलून ते झोपायला गेले. मी लॅपटॉप उघडून बसले, कारण झोप येणं शक्यच नव्हतं.

स्वारगेटची बस

पहिली आठवण आली ती स्वारगेटची. २५ जानेवारी २०१२. तेव्हा मी शाळेत होते, आणि घरी टीव्हीसमोर सगळे खिळून बसलेले आठवतात. एसटीचा चालक संतोष माने यानं स्वारगेट आगारातून बस काढली आणि पुण्याच्या भर वस्तीतून, उलट्या दिशेनं, वाटेत येईल त्याला चिरडत नेली. ९ माणसं गेली, तीसहून जास्त जखमी झाली. पोलिसांनी बसवर गोळ्या झाडल्या, पण बस थांबली नाही. शेवटी तिला अडवण्यात मोठा वाटा होता शरीफ कुट्टी या तरुणाचा. तो बाइकवरून पाठलाग करत गेला, बसमध्ये शिरला आणि चालकाशी झटला. त्याच्याकडे शस्त्र नव्हतं. मानेला झालेली फाशी सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये रद्द करून जन्मठेप दिली.

मी रोज स्वारगेटवरून जाते. एवढी वर्षं ‘गोळ्या झाडल्या, बस थांबली नाही’ हे वाक्य माझ्या डोक्यात नुसती बातमी म्हणून पडून होतं. त्या रात्री त्याचा अर्थ लागला. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला १६-१७ मीटर कापते. चालकाला गोळी लागली तरी ब्रेक लागत नाही. उलट स्टिअरिंग धरणारंही कुणी उरत नाही. म्हणूनच न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यानं १९७२ मध्येच चालत्या गाडीवर गोळीबार करण्यावर बंधनं घातली. घराघरात बंदूक असलेल्या देशातली, रोज सराव करणारी माणसं ती! आणि मी एका बँकेच्या गार्डला ‘मारा ना’ म्हणत होते.

कायदाही मग वाचला. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. दुसऱ्याचा जीव वाचवायलाही तो हक्क वापरता येतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि धोका संपला की हक्कही संपला. धडक मारून पळणाऱ्या गाडीवर गोळी घालणं म्हणजे संरक्षण नाही, तो राग. काका ट्रिगर ओढते तर त्या रात्री जबाब द्यायला नाही, आरोपी म्हणून गेले असते, आणि गाडीवाला फिर्यादी झाला असता. २०१९च्या दुरुस्तीनंतर लग्नात हौसेनं हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तरी दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. परवाना म्हणजे बंदूक बाळगायची परवानगी. न्याय करायची नव्हे.

मग न्याय कशानं होतो? याचं उत्तर शोधताना दुसरं नाव समोर आलं, आणि ते जास्त त्रासदायक होतं. रवींद्र पाटील. मुंबई पोलिसांतला कॉन्स्टेबल, सलमान खानचा अंगरक्षक म्हणून नेमलेला. २८ सप्टेंबर २००२च्या पहाटे वांद्र्यात गाडी फूटपाथवर झोपलेल्या माणसांवर गेली, एक जण मेला, चार जखमी झाले, तेव्हा हा त्या गाडीत होता. फिर्याद त्यानंच दिली. पुढे साक्षीच्या तारखांना तो हजर राहिला नाही, त्याच्यावर वॉरंट निघालं, २००६ मध्ये अटक झाली, नोकरी गेली, आणि २००७ मध्ये क्षयानं तो वारला. २०१५ मध्ये सत्र न्यायालयानं सलमानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. पाटीलची साक्ष पूर्णपणे विश्वासार्ह मानता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

तो निकाल चूक की बरोबर, हे मी ठरवणार नाही. मला एवढंच दिसलं की समोर काय घडलं हे सांगायला उभं राहणं हे बंदूक चालवण्यापेक्षा फार लांबचं काम आहे. गोळीला एक सेकंद लागतो. साक्षीला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं तुम्हाला टिकावं लागतं. २०२४च्या मे महिन्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा आपण सगळेच व्हॉट्सअॅपवर पेटलो होतो. तीनशे शब्दांच्या निबंधावर मीम बनवले. तिथल्या लोकांनी गाडीतल्या मुलाला पकडून बडवलं, ते व्हिडिओ फॉरवर्ड केले. बडवायला गर्दी भरपूर असते. साक्षीदाराच्या रांगेत कोण उभं राहतं?

आणि भीती तरी कसली? २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. त्यानं स्वतःहून साक्षीदार व्हायचं ठरवलं तर जबाब एकदाच, त्याच्या सोयीच्या जागी आणि वेळी घ्यायचा. म्हणजे ‘कशाला लफडं’ हे कारण कायद्यानं बऱ्यापैकी काढून घेतलंय. उरतं ते आपलं आपलंच. माझ्या बाबतीत ते होतं सोमवारची डेडलाईन.

तारीख

सकाळी काका नऊला तयार. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. रात्री अंघोळीआधी तळहातावरचा नंबर त्यांनी वहीत उतरवून घेतला होता, वेळ आणि तारखेसकट. मी अजून नाईट ड्रेसमध्ये. त्यांनी मला ‘चल’ म्हटलं नाही. नुसते चप्पल घालत राहिले, जरा सावकाश.

मी म्हणाले, ‘पाच मिनिटं थांबा.’

एडिटरला फोन केला की लेख मंगळवारी मिळेल. तो वैतागला, मग म्हणाला ठीक आहे. जगबुडी झाली नाही. जबाब द्यायला दीड तास लागला. ‘काय पाहिलं?’ या प्रश्नाला मी पहिल्यांदा जे उत्तर दिलं ते एखाद्या फीचरच्या इंट्रोसारखं होतं. लिहून घेणाऱ्यानं पेन थांबवून विचारलं, ‘मॅडम, गाडी डावीकडून आली का उजवीकडून?’ तेव्हा कळलं, आपण बघतो कमी आणि वर्णन जास्त करतो.

ते पोरगं आता चालतं. किंचित लंगडत. दहावीला गेलंय. सायकल नवी आहे, किटली जुनीच, एका बाजूला चेपलेली. त्याच्या वडिलांनी मधे एकदा काकांना विचारलं होतं, ‘मिटवून टाकू का?’ काका म्हणाले, ‘पोरगं तुझं हाय, तू ठरव. माझा जबाब मातुर बदलायचा न्हाई.’ त्यांनी अजून मिटवलेलं नाही. पांढरी गाडी अजून याच रस्त्यानं जाते. ट्रॅक्टरमागे अडकली की हॉर्न मारते. मात्र डावीकडून घालत नाही. ते केसमुळे की नशिबामुळे, देव जाणे.

पुण्यात पार्टीत मी अजूनही ते वाक्य टाकते. ‘आमच्या काकांकडे बंदूक आहे.’ आता पुढे ही गोष्ट सांगते. मित्र पुढे सरकून बसतात. ‘मग? काकांनी काय केलं?’

‘नंबर लिहिला.’

‘बस्स?’ चेहरे पडतात. क्लायमॅक्सच नाही ना!

मग कुणीतरी विचारतंच, ‘आणि तू?’ पूर्वी मला हा प्रश्न आवडला नसता. आता सांगते, की केस उभी राहिली आणि समन्स आलं तर सुट्टी टाकून एसटी पकडायची आणि वाठार फाट्याला उतरायचं. चार आकडे अजून पाठ आहेत. तरीही काकांसारखे तेही मी एका वहीत लिहून ठेवलेत.